लाव्हाच्या खंदकाला कठडा

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून, आणि लहानपणच्या सवयीने एक पाऊल मागे सरकून, नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करतेस ना? (करत नसशील, तरी मी काही बोलणार नाही. म्हणजे माझी छातीच होणार नाही.) इकडे मी ठीक आहे. तुझी लेकही ठीक आहे, हे तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो. तू शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी तिने आठव्या दिवशी सोडली आणि ती बॅग घेऊन माझ्याकडे आली, त्याला आता तीन महिने होतील. तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि ती माझ्याशीही जेवढ्यास तेवढंच बोलते. मोकळेपणाने बोलते ती फक्त शनिवारी, आणि त्या शनिवारच्या काळजीनेच हे पत्र लिहायला बसलोय.

शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक गोष्टीचा खेळ चालतो. तुझी लेक, तिच्या दोन मैत्रिणी आणि खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य असे चौघं शूरवीर होतात आणि फासे टाकून लढतात. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गोष्ट सांगतो आणि खलनायक उभे करतो. इथेच घोडं पेंड खातं. एकवीस वर्षं मी सुरक्षा निरीक्षक आहे. दुसऱ्यांच्या कारखान्यांतले कठडे हलवून बघणं हा माझा धंदा. पहिला खलनायक केला महाघोर. त्याच्या किल्ल्याभोवती उकळत्या लाव्हाचा खंदक. पण लाव्हा म्हटल्यावर कडेला कठडा नको? चांगला कंबरेइतका, पिवळा रंग दिलेला. (बिनकठड्याचा खंदक माझ्या हातून लिहिलाच जात नाही, पेन अडतं.) शूरवीर तो कठडा धरून गप्पा मारत आत गेले. मग चेटकीण आणली. तिच्या विषाच्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर उतारा, आणि भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी. दंतवैद्य आधी उतारा प्यायले, मग विष, आणि वर विचारतात, चूळ भरायला काही आहे का? तिसरा सेनापती तर चारशे राक्षस घेऊन आला होता. धोक्याचा भोंगा वाजला तसे चारशेही जण, ढकलाढकली न करता, शस्त्रं जागेवर ठेवून मैदानात रांगेत उभे राहिले आणि सेनापती हजेरी घेत बसला. एक कमी भरला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तोवर किल्ला गेला. तुझ्या लेकीने कपाळाला हात लावला. "मामा, अरे हा खलनायक आहे की तुझं ऑफिस? लाव्हाला कठडा कोण लावतं!"

सगळे हसले. पण माणसं दोनदा हसतात आणि तिसऱ्यांदा घड्याळ बघतात. परवा दंतवैद्यांनी मला जिन्यात गाठलं (तिसरी पायरी सैल आहे, मी लेखी तक्रार दिली आहे) आणि सांगितलं, की येत्या शनिवारी जरा तरी घाबरवा, नाहीतर पुढच्या खेपेपासून ते सगळे त्यांच्या मेहुणीकडे खेळतील. तिच्या खलनायकाने म्हणे एका धडधाकट माणसाला रडवलं. तुझी लेकही तिकडेच जाईल, आणि मग शनिवारीसुद्धा घरात मी आणि फ्रिजची घरघर. ताई, मला त्या शांततेची फार भीती वाटते. ती शनिवारीही गप्प राहायला लागली तर तिला बोलतं कसं करायचं, मला खरंच सुचत नाही.

म्हणून तुला विचारतो. आयुष्यात मी मनापासून घाबरलो ते तुलाच. तू कधी आवाज चढवला नाहीस, हात तर कधीच उगारला नाहीस. नुसतं "असू दे. मी काही बोलणार नाही" एवढं म्हणायचीस आणि मी न केलेले गुन्हेही कबूल करायचो. (तुझी शाईची दौत मी फोडली नव्हती. मांजराने फोडली. आज सांगतो.) तर ही विद्या चार ओळींत लिहून पाठव, म्हणजे नव्या खलनायकाच्या तोंडी घालीन.

तुझा धाकटा,
(पुढच्या वर्षी पन्नाशीचा होणारा, तरी धाकटाच)

ता. क. तुझं ते वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी मीच आरशाची माफी मागितली. मला ते जमायचं नाही. तेव्हा तूच ये. शनिवारी, पाच वाजता. खलनायक तू.

आणखी एक ता. क. तुझ्या लेकीला यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर ती उभ्या उभ्या बॅग भरेल. पत्र वाचून फाडून टाक.

शेवटचं. पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात तिने सगळं वाचलं. दाराशी उभी राहून, दोनदा. मग म्हणाली, "आई खलनायक? मेलोच आम्ही!" आणि हसली. तीन महिन्यांत या घरात ती पहिल्यांदाच 'आई' म्हणाली. मग आत गेली, पुन्हा बाहेर आली, आणि पाकीट बंद करायच्या आधी एवढं लिही म्हणाली: "तिसरी पायरी सैल आहे. कठडा धरून चढ म्हणावं तिला. गुडघा दुखतो तिचा."