चार नंबरची वाटी

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! हॉस्पिटलच्या मागच्याच अंगाला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, भरपूर पाणी, आणि खिडकीतून समोर दिसते ती माझी लॅब. दादाला डायलिसिसला न्यायचं म्हणजे आता नुसतं अंगण ओलांडायचं. सात वर्षं त्याला गाडीत चढवता-उतरवता माझी कंबर मोडली होती. दादा म्हणतो, तुझ्या नोकरीनं माझी आठवड्यातून तीनदा निघणारी वरात बंद केली.

नोकरी धरली ती त्याच्याचसाठी. मूत्रपिंडं कधीच गेलीत, आता गळ्यातल्या चार बारक्या ग्रंथींनी उच्छाद मांडलाय. असाव्यात डाळीच्या दाण्याएवढ्या, फुगून झाल्यात बोराएवढ्या. त्यांचा हार्मोन रक्तात वाढला की हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतो. धडधाकट माणसाचा आकडा पासष्टच्या आत, आमच्या दादाचा बावीसशे चाळीस! चहाचा कप उचलताना त्याचं मनगट कळवळतं. इथे बाहेरगावचे सर्जन दर गुरुवारी येऊन या ग्रंथी काढतात, आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना रांग लावावी लागत नाही. तेराला दादाचं ऑपरेशन. देव पावला.

७ मार्च, शुक्रवार

काल माझं इथलं पहिलं ऑपरेशन. शी! रक्ताचं मला काही नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण ती ग्रंथी! पिवळट-तपकिरी, बुळबुळीत, तोंडातून काढून ठेवलेल्या घासासारखी. घरी येऊन तीनदा साबण लावला तरी जेवण गेलं नाही.

चारही काढतात. पण हार्मोन अगदीच नसला तरी माणूस वाचत नाही, म्हणून एका ग्रंथीचे तांदळाएवढे तुकडे करून हाताच्या स्नायूत पेरतात. तोवर तुकडे काचेच्या वाटीत, बर्फावर, माझ्या ताब्यात. ग्रंथी निघाल्यावर दहा मिनिटांनी रक्त घेऊन मी आकडा सांगायचा. तो धाडकन खाली आला तरच सर्जन तुकडे पेरतात आणि गळा शिवतात. काल एकवीसशेचा एकशेतीस झाला. मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वाटीवर नाव नसतं, खाटेचा नंबर असतो. थोरल्या सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या की माणसं बदलतात, खाट बदलत नाही, आजवर कधी घोळ झालेला नाही. दादाची खाट चार.

११ मार्च, मंगळवार

सहा नंबरच्या खाटेवर खाजकाका. नाव सिस्टरनीच पाडलंय. अकरा वर्षं डायलिसिसवर, आकडा एकतीसशे. दिवसभर कराकरा खाजवतात, उठले की चादरीवर कोंड्याचा थर. श्वासाला मुतारीचा वास. मी रक्त घेताना माझं मनगट धरून म्हणाले, तुझी हाडं छान आहेत गं, भरीव आहेत. मेल्या म्हाताऱ्याचा हात झटकून टाकला. नंतर वाईटही वाटलं. आजारी माणूस, त्याला काय बोलायचं.

१३ मार्च, गुरुवार

दादा सुटला! बावीसशे चाळीसचा नव्वद. आकडा सांगताना माझा आवाज फुटला.

त्याच्या आधी खाजकाकांचं होतं. आकडा उतरला होता, पण तुकडे पेरायच्या आत हृदय बंद पडलं. टेबलावरच गेले. तशाच धावपळीत दादाला घेतलं. वाटी मीच दिली.

१४ मार्च, शुक्रवार

हे कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

दादाकडून आज कळलं, काल सकाळी काकांनी हट्ट करून त्याच्याशी खाट बदलून घेतली होती. भोळा सांब दादा, लगेच उठला. काका चारवर, दादा सहावर. सिस्टरनी वाट्यांवर बदललेल्या खाटांप्रमाणे नंबर टाकले, काकांच्या वाटीवर चार, दादाच्या वाटीवर सहा. आणि मी? माझ्या डोक्यात चार म्हणजे दादा. डोळे झाकून चारची वाटी पुढे केली.

मेलेल्या माणसाचे तुकडे माझ्या भावाच्या हातात शिवलेत.

सहाची वाटी शोधायला धावले. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या की सहा म्हणजे कालच वारलेले, म्हणून फेकून दिली. दादाचं स्वतःचं काही म्हणजे काही उरलं नाही.

१५ मार्च, शनिवार

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, दादाची खाट जाईल. आणि परकं मांस अंगात टिकतं कुठे? आठवड्यात शरीरच ते मारून टाकेल. मग कॅल्शियमच्या गोळ्यांवर दादाला सांभाळीन. सांभाळीनच.

२१ मार्च, शुक्रवार

मेलं नाही.

हातावरच्या टाक्यांखाली गाठ आलीये, सुपारीएवढी. दाबली तर टाक्यातून ओल्या खडूसारखा पांढरा लगदा आला. वास तोच, मुतारीचा. कापसानं पुसलं. आकडा काढला, एकतीसशे. दोनदा काढला. एकतीसशेच.

सर्जन काल गाठ पाहून गेले. म्हणाले, सूज असेल, पुढच्या गुरुवारी बघू. माझ्या तोंडाला कुलूप.

२५ मार्च, मंगळवार

दादाचा पायजमा पायांखाली येतोय. मापून पाहिलं. बारा दिवसांत चार बोटं उंची गेली.

शिंकला तर बरगडी मोडली. गाठ लिंबाएवढी. तिच्यावरची कातडी आतून हलते, मी पाहिलंय. त्याला भरवते आणि मग मोरीत जाऊन ओकते. माझ्याच भावाची मला किळस येते. थू माझ्या जिण्यावर.

२८ मार्च, शुक्रवार

काल सर्जन आलेच नाहीत. परगावी परिषद. म्हणजे आणखी आठवडा.

दादाला आज उचलून बसवलं तर हात मध्येच वाकला. जिथे सांधा नाही तिथे. त्यानं मला विचारलं की मी मरतोय का. मी त्याला सगळं सांगितलं, वाटीचं, खाटेचं. तो रागावला नाही. म्हणाला, तूच घातलंस ना, तूच काढ.

३० मार्च, रविवार

भरदुपार. डायलिसिस बंद, हॉस्पिटलात चिटपाखरू नाही. दादाला चाकाच्या खुर्चीत घालून लॅबमध्ये आणलं. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. कापलं.

शी शी शी. देवा. नुसती गाठ नव्हती. पांढरी मुळं, हाडापर्यंत. एकेक सोडवली. चिकट, गरम. सगळं निघालं. वाटीत ठेवलंय. हात बांधला. दहा मिनिटं थांबून रक्त घेतलं, आता यंत्र चालू आहे. तोवर लिहिते, नाहीतर वेड लागेल. वाटीकडे बघायचं नाही.

आकडा आला. शून्य! शून्य! सुटलास रे दादा—

त्याचे ओठ बधिर झालेत म्हणतो. बोटं आत वळतायत.

कॅल्शियमची सुई दिली. दुसरी दिली. काही उपयोग नाही. हाडंच पिऊन टाकतायत सगळं. थोरल्या सिस्टरना फोन केला, वीस मिनिटं लागतील म्हणाल्या. जबडा आवळला. श्वास शिट्टीसारखा वाजतोय. वीस मिनिटं नाहीत त्याच्याकडे.

हार्मोन शून्य, त्याला ते मांस लागतंच. दुसरं कुठे आहे माझ्याकडे? याच हातांनी परत आत—

उचलते. देवा, क्षमा कर—

डाव्या हातानं लिहितेय. सुटत नाही. उजव्या तळव्याला धरलंय त्या गोळ्यानं. दादाच्या जखमेशी नेलं, दाबलं, झटकलं, पक्कडीनं ओढलं. जात नाही त्याच्याकडे. मुळं माझ्या मनगटात—

दादा बघतोय. काळानिळा पडलाय. हात पुढे करून मागतोय मला. देते रे दादा, देतेच आहे, पण ते माझी हाडं सोड—