मागे घेताना

पोर्ट्री, स्काय बेट
१४ मे २०२५

चिरंजीव शशिधर यास आशीर्वाद.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. ब्रॅकनेलला तू व सूनबाई ऋजुता कुशल असालच. मार्चपासून आपला संवाद नाही. तुझ्या आईला या पत्राची कल्पना नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

ग्लासगोला भाड्याने घेतलेली ही गाडी म्हणजे चाकांवरची कटकट आहे. पट्टा, वेग, रस्त्यावरची रेघ, कशावरूनही ती किंचाळते. त्यातून तुझ्या आईने निघताना पार्किंगमध्ये नारळ फोडला आणि कुंकवाची स्वस्तिके काढली. मागचे नेमके कॅमेऱ्याच्या भिंगावर! परक्याच्या गाडीची पूजा कोण करतो?

येथील कडे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे, आपल्या सह्याद्रीसारखे काळे. ते अप्रतिम आहेत, असे तुझी आई सांगते.

रस्ता एका गाडीपुरताच. समोरून कोणी आले, तर रुंद जागा ज्याला जवळ, त्याने मागे जायचे. काल चढावर एक कॅम्परव्हॅन आली. जागा माझ्या मागे होती.

"अहो, घ्या ना मागे! किती वेळ ताटकळायचं त्यांनी?"

"तुझ्या कुंकवामुळे पडद्यावर काही दिसत नाही."

ती तणतणत उतरली. ओढणीने भिंग पुसून ओरडली, "झालं लख्ख! आता माझ्या नावानं खडे फोडू नका."

पडदा होता तसाच धूसर होता. मी तसे म्हणालो नाही. गाडी मागे घेतली.

ती अजून मागेच उभी होती, शशिधर. मला दिसली नाही. ज्या यंत्राला मी ग्लासगोपासून शिव्या देत होतो, त्यानेच ब्रेक लावला. मध्ये वीतभर अंतर राहिले असेल.

"ढकलायचंच होतं, तर कडा जवळ होता की!" असे म्हणून ती हसली. मग बराच वेळ तिला पट्टा लावता येईना. कॅम्परव्हॅनमधल्या एका बाईंनी आमची गाडी गावात आणून दिली.

"बाबा, डोळे टेस्ट होईपर्यंत ड्राइव्ह नको," असे तू मार्चमध्ये म्हणालास, तेव्हा मी तुझे मराठी सुधारत बसलो. तुझे वाक्य आजही सदोष आहे. म्हणणे नव्हते.

भिंग नीट पुसले गेले नाही, असे समजून तुझी आई कालपासून स्वतःलाच बोल लावते आहे. मी ऐकून घेतो. हे मला सहन होत नाही.

तू ये. किल्ली मी हॉटेलच्या काउंटरवर तुझ्या नावाने ठेवली आहे. आईला खरे काय ते तू पोहोचण्यापूर्वी मी सांगेन. शशी, तेवढे माझ्याकडे राहू दे.

डाव्या आसनावर बसण्यास तयार असलेला,
तुझा बाबा