अम्मीच्या बोटातली सुई

५ मे, सोमवार

त्या बायांना मी आवडत नाही. बरं! मलाही त्या आवडत नाहीत.

आज अतियाला म्हटलं, कॉलरची टोकं नीट बसत नाहीत, उसवून पुन्हा घाल. तर म्हणाली, "डिग्रीवाल्या मॅडम, तुमाले सुईत धागा ओवता येते का?" अख्खी लाइन हसली. मंजुषाताई सगळ्यात जोरात. त्या वयानं मोठ्या, त्यांच्याकडे बघूनच बाकीच्या हसायचं की नाही ते ठरवतात.

येतो मला धागा ओवता! शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे मी. पण ते तेव्हा सुचलं नाही. बसमध्ये सुचलं.

लोहाऱ्याच्या या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवतात. बी.कॉम. झाले म्हणून मला कॉलरच्या लाइनची सुपरवायझर केलं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच. म्हणून काय रोज टोमणे खायचे?

६ मे

नागपूरहून केतकी मॅडम आल्या होत्या, सुपरवायझर लोकांना शिकवायला. म्हणाल्या, "हुकूम सोडणाऱ्याचं कोणी मनापासून ऐकत नाही. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्याचं ऐकतात. आपली जखम दाखवा, माणसं तुमच्यामागे येतील."

किती खरं आहे! मला या बायांवर ओरडायचं नाहीच. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे. आधी त्यांनी मला आपलं तर म्हणावं.

माझ्याकडे गोष्ट आहे. अम्मीची.

७ मे

सांगितली. सकाळच्या मीटिंगमध्ये, माईकवर.

मी तिसरीत होते. अम्मी घरी लोकांचे कपडे शिवायची. एका सकाळी सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तिनं ती उपसली, चिंधी गुंडाळली आणि पुन्हा मशीनवर बसली. मी शाळेत गेले. परत आले तर लग्नाचे सगळे कपडे शिवून तयार! अम्मी थांबली नाही म्हणून मी शिकले.

मागून अतिया, "मंग? आमी काय कराव आता, रडाव?"

मंजुषाताई म्हणाल्या, "माह्या मायनं कापूस येचता येचता मले जलम देला. तिच्यासाठी नाई आणला व कोणी माईक."

हशा. मेल्या सगळ्या.

टाळ्या एकट्या अभिषेक सरांनी वाजवल्या. मॅनेजर असून! नंतर बोलावून अम्मीचं नाव विचारलं. मी आनंदानं सांगितलं.

९ मे, शुक्रवार



दुपारी मंजुषाताईंच्या बोटात सुई घुसली. नखातून आत. पट्टी बांधली, इंजेक्शन झालं. त्यांनी सुट्टी मागितली. सर म्हणाले, ऑर्डर शाळा उघडायच्या आत जायची आहे, घरी बसाल तर मशीनवर दुसरी बाई बसेल. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नुजहतची आई थांबली होती का?"

मंजुषाताईंनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

संध्याकाळी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लागला. 'सुई लागली, तरी थांबली नाही.' खाली अम्मीचं नाव.

१० मे

केतकी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "बघ, तुझी गोष्ट पोचली!"

पोचली! फोन आपटावासा वाटला. माझाच होता म्हणून वाचला.

११ मे, रविवार

अम्मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. तिला सांगितलं. मला वाटलं रडेल. तिनं विळी बाजूला सारली.

"कौन बोला तेरे कू, मैं सीते बैठी?"

मी म्हटलं, मी पाहिलं ना.

"तू तो इस्कूल गई. तेरे जाते ही मैं इत्ता चिल्लाई, पूरा मोहल्ला जमा हुआ. मैं पलंग पे रोते पड़ी, और मलिका बैठी मशीन पे. जोड़े उसने सिए."

मलिकाखाला! आमच्या शेजारची, जी मला दिसेल तिथं टोकते, ती!

म्हणजे मी सकाळ पाहिली आणि संध्याकाळ पाहिली. मधलं सगळं मीच भरलं, आणि इतकी वर्षं त्याचा अभिमान बाळगला.

अम्मी पुन्हा कैऱ्यांकडे वळली. "दीवाल पे नाम लगाने के पहले पूछती, तो बताती."

१२ मे

खरी गोष्ट सांगायला माईक हातात घेतला. सरांनी काढून घेतला. "पुरे आता गोष्टी. कामाला लागा." मग हळूच मला, "गोष्टीनं काम केलं बघ. मंजुषाताई रोजचा कॉलरचा कोटा पूर्ण देतात. एवढं बोट घेऊन!"

तो कागद टराटरा फाडावासा वाटला. नाही फाडला. माझाही राग आला.

पण त्या बोटानं पूर्ण कोटा?

१३ मे

सुपरवायझरनं ऑफिसात, कूलरसमोर जेवायचं असा इथला रिवाज. आज डबा उचलला आणि लाइनवर गेले. माईक नाही तर नाही, तोंड आहे ना! सांगणारच होते.

एकच मशीन चालू होतं. मंजुषाताईंचं. त्यावर अतिया, खाली मान घालून कॉलर शिवत होती. शेजारी मंजुषाताई, पट्टीचा हात मांडीवर, डाव्या हातानं अतियाला घास भरवत होत्या. बाकीच्या भराभर जेवत होत्या, पुढची पाळी होती त्यांची.

मला पाहिलं आणि मशीन बंद. घास हवेतच.

"जाय," मंजुषाताई म्हणाल्या. "सांग तुह्या साहेबाले."

अम्मीची खरी गोष्ट माझ्या जिभेवर होती. या बायांना मी ती काय सांगणार होते?

डबा तसाच घेऊन परत फिरले. पाठीमागे अतिया म्हणाली, "गेली! आता ताईची जागा गेलीच समज."

एवढंच ओळखलं होतं त्यांनी मला. चूक कुठं होती म्हणा.

१४ मे

सर लाइनवर आले. सगळ्यांसमोर मला विचारलं, "मंजुषाताईंना जमतं कसं गं हे?"

मशीनं चालू होती, पण शिवत कोणीच नव्हतं.

मी भिंतीकडे बोट केलं. "सर, माझ्या अम्मीसारख्याच आहेत त्या. थांबतच नाहीत."

सर खूश होऊन गेले.

मंजुषाताईंनी मान वर केली नाही. अतियानं कॉलरचं एक बंडल पायानं माझ्याकडे सरकवलं.

"जेवणाच्या सुट्टीत तुही पाळी. डबा घेऊन ये."