दादाच्या नावाचं पाकीट

दादा,

नाताळच्या जेवणाच्या खर्चाचा मेळ बसवायचं काम यंदाही माझ्याच गळ्यात पडलंय. मटण, केक, वाइन, पोरांची सरबतं. भाव ऐकूनच पोट भरतं. रीत तीच, प्रत्येक भावंडानं आपल्या नावाचं पाकीट आईच्या डब्यात टाकायचं. तू घर सोडून गेल्यापासून चार वर्षं तुझं पाकीट मीच भरते. "लांब आहे, पण विसरत नाही हो माझा लेक," असं आई जेवताना सगळ्यांना सांगते, आणि मी खाली मान घालून जेवते.

यंदा शिवणाची कामं कमी आली, तरी ओढूनताणून दोन पाकिटं केली. काल आईनं तुझं पाकीट माझ्या हातात परत ठेवलं.

"हे राहू दे. दरवर्षी याला तुझ्या मशीनच्या तेलाचा वास येतो."

"मग चारचौघांत त्याचं कौतुक कशाला करायचीस?"

"तू एवढी मरमर करून भरायचीस. तुझा हिरमोड कशाला करू?"

पैसे काढून घेतले. वाइनची एक बाटली कमी आणेन. हे पत्र त्याच रिकाम्या पाकिटात घालतेय. वर तुझं नाव आहेच. पत्ता आम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

दमलेली,
तुझी धाकटी