मोनोचं बटण

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आला एकदाचा! बाबांचा ॲम्प्लिफायर. शेषरावांनी अकोल्याहून इथे अमरावतीला टेम्पोत आणला — गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून, स्वतः मागे त्याच्या शेजारी बसून. पस्तीस वर्षं बाबांच्या वकिलीत मुन्शी होते ते. बाबा जूनमध्ये गेले, तरी त्यांच्या वस्तू उचलताना अजून आवाज खाली आणतात. "ताई, याले धक्का नोका लागू देऊ. सायबाचा जीव होता याच्यात."

मला हसू आलं. वाईट हसू. एकुलत्या एक मुलीत नव्हता, डब्यात होता!

दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, रेकॉर्डींचे चार खोके. माझ्या या दोन खोल्यांत चालायला जागा उरली नाही. नको म्हणणार होते. पण अकोल्याचं जठारपेठेतलं घर रिकामं करायचंच होतं, आणि हे भंगारात द्यायला तोंड उघडेना.

१३ ऑक्टोबर

हात लावला नाही. येता-जाता ठेच मात्र लागते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेजातून आल्यावर जोडायला बसले. मागच्या बाजूला भोकंच भोकं! पण बाबांनी प्रत्येकाखाली डॉक्टरी चिकटपट्टी लावून पेनानं लिहून ठेवलंय — रेकॉर्ड, कॅसेट, डावा, उजवा. त्या वकिली अक्षरावरून बोट फिरवलं. समोरच्या एका बटणावरही पट्टी आहे, आडवी, घट्ट दाबून. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. बटण तुटलं असेल.

लाल तार लालला, काळी काळीला. प्लेअरच्या पिना आधी चुकून 'कॅसेट'मध्ये घातल्या — आवाज इतका बारीक, की शेजारच्या घरात कुणी गातंय असं वाटावं. मग 'रेकॉर्ड'मध्ये घातल्या. आवाज आला, पण सोबत घूंऽऽ अशी गुणगुण. एक बारकी हिरवी तार मोकळी लोंबत होती, ती मागच्या स्क्रूला आवळली — गुणगुण बंद!

मी केलं. एकटीनं! नवऱ्याच्या, श्रेयसच्या घरी चौदा वर्षांत साधा बल्बही मी कधी बदलला नाही. काही चुकलं की तो काय बोलेल, किती दिवस बोलेल.

१६ ऑक्टोबर

सतारीची रेकॉर्ड लावली. काहीतरी चुकतंय. लहानपणी मी या दोन स्पीकरांच्या मध्ये पळायचे — इकडे सतार, तिकडे तबला. बाबा हसून म्हणायचे, "दमशील, ते काही तुला भेटायला मध्ये येणार नाहीत." आता दोन्हीकडून सगळं सारखंच येतंय. तारा काढून पुन्हा लावल्या. तेच.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

बाबांचा राग येतोय. मेलेल्या माणसाचा राग येणं किती वाईट! पण येतोय. लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे.

नोव्हेंबर २०२२. अमरावतीत एका नातेवाइकाचं लग्न होतं, म्हणून मी अकोल्याला जाऊन बाबांना गाडीनं घेऊन येत होते. मी चालवतेय, बाबा शेजारच्या सीटवर. आई गेलेली, घरात ते एकटेच. आठ दिवस मनात वाक्य जुळवत होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे हिंमत केली. त्यांच्याकडे बघून जमलं नसतं, म्हणून रस्त्याकडे बघत म्हणाले — "बाबा, मला तिथे राहणं अशक्य झालंय. मी घरी येऊ का? कायमची?"

बाबा खिडकीतून कपाशी बघत होते. बघतच राहिले. बऱ्याच वेळानं वळले. माझे डोळे वाहत होते ते त्यांनी पाहिलं, नक्की पाहिलं. आणि म्हणाले काय?

"मूर्तिजापूर गेलं का गं?"

बस. एवढंच! अशिलाचं अर्धं वाक्य ऐकून अख्खी केस ओळखणारा माणूस. घटस्फोटाच्या शंभर केसेस लढलेला. स्वतःच्या मुलीची नको होती, इतकंच. लोक काय म्हणतील!

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला गेले, तर हे गाणी ऐकत बसलेले — खुर्ची वाकडी, स्पीकरकडे खांदा, तोंड भिंतीकडे. माझ्याकडे बघायलाही नको! पावणेतीन वर्षं त्या घरात आणखी काढली. बाबांना मान खाली घालावी लागू नये म्हणून. ते गेले आणि ऑगस्टमध्ये मी दोन बॅगा घेऊन बाहेर पडले. आता कुणाची मान खाली जाणार होती?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. एक पणती लावली. शेजारच्या आकांक्षानं चकल्या दिल्या. खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

राजकमल चौकाजवळच्या दुकानातून श्याम नावाचे मेकॅनिक आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. तारा तपासल्या, सगळं बरोबर निघालं. "जोडणी तं मस्त केली मॅडम तुमी!" (मला उगाच लाजायला झालं.) मग समोरची ती पट्टी दिसली. नखानं सोलली. बटण टक् करून बाहेर आलं.

आणि तबला उजवीकडे गेला!! सतार डावीकडे. पस्तीस वर्षांपूर्वीसारखं.

"तुटलं नव्हतं हे. मोनोचं बटण आहे. दाबलेलं राहत नसन, म्हणून कोणी पट्टी मारली. याच्यानं दोन्हीकडून एकच आवाज येते."

मी म्हटलं, इतकं महागाचं यंत्र घेऊन असं कोण करेल?

"एका कानानं आयकू येत नाई तो माणूस करते. नाईतर अर्धा बाजा सुटून जाते त्याचा. माहे मामा असेच आयकत."

मी म्हटलं, आमच्या बाबांचे कान तिखट होते. शेवटपर्यंत कोर्टात उभे राहायचे.

"मंग मले नाई मालूम," म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर रेकॉर्ड तशीच फिरत राहिली. मी उठून बंदही केली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच शेषरावांना फोन केला. सरळ विचारलं, बाबांना ऐकू येत होतं ना? त्यांनी आवाज खाली आणला.

"ताई… सायबानं शपथ घातली होती मले."

मग सगळं निघालं. एकवीस साली मोठा ताप आला होता. मला "साधा सर्दी-ताप" म्हणून सांगितलेला. त्या तापात उजवा कान पार गेला. "काईच येत नव्हतं आयकू. डॉक्टरनं मशीन सांगतली, तं म्हणे, मशीन दिसन लोकाले. बहिऱ्या वकिलाकडं कोण येईन, शेषराव? मंग कोर्टात मीच सायबाच्या डाव्या अंगानं उभा राहो. जज सायेब काय म्हणून राहिले ते कानात सांगो. खुर्चीई तशीच फिरवून बसत, डावा कान पुढं. फोन डाव्याच कानाले लावत. तुमच्याशी फोनवर चांगलं बोलत होते म्हणून तुमाले समजलं नसन."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुमाले तं आजिबात नाई सांगायचं, म्हणत. पोरीले आपलाच ताप कमी आहे का?"

फोन ठेवला. वही उघडली. आणि आत्ता हे लिहिताना कळतंय — गाडी मी चालवत होते. बाबा माझ्या डावीकडे. म्हणजे मी बोलले ते त्यांच्या उजव्या कानाशी. शेजारून ट्रक चाललेले, माझा आवाज रडण्यात अडकलेला.

ते नाही म्हणाले नव्हते! त्यांनी ऐकलंच नव्हतं!

२७ ऑक्टोबर

कॉलेजात आज शिकवताना मध्येच रडू आलं. मुलींना सर्दी म्हणून सांगितलं. बाबांसारखंच.

बाबा, एवढा कसला तो तोरा? एक शब्द सांगितला असता — "मला त्या कानानं येत नाही, पुन्हा बोल" — तर मी पुन्हा बोलले असते. गाडी थांबवून, वळसा घालून, तुमच्या डाव्या बाजूला येऊन बोलले असते. मी तुम्हाला तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. शेवटच्या आजारातही "बरं वाटतंय का" याच्यापुढे बोलले नाही. तुमच्या लपवाछपवीपायी!

३० ऑक्टोबर

बाबांची खुर्ची आणायला हवी होती. ती शेषरावांकडे आहे. मागणार नाही, त्यांना बसू दे.

तरी आज जरा बरं वाटतंय. संध्याकाळी पूर्ण रेकॉर्ड ऐकली. पट्टी पुन्हा लावली आधी. त्यांनी ऐकलं तसंच ऐकायचं होतं. "बाबा नाही म्हणाले नव्हते" हे वाक्य भाजी चिरताना मोठ्यानं म्हणून पाहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

गाडीतल्या त्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते बघावं म्हणून बॅगेतून २०२२ ची वही काढली. लग्नाचा दिवस सापडला. त्याच्या पुढचं पानही.

"१ डिसेंबर, गुरुवार. बाबांचा फोन. म्हणे, त्या दिवशी गाडीत तू काहीतरी म्हणालीस, काय म्हणालीस गं? वा रे वा! ऐकून न ऐकल्यासारखं करायचं आणि आता उलटतपासणी! म्हटलं, काही नाही. पुन्हा म्हणाले, सांग ना, काहीतरी होतं. मी म्हटलं, काही नाही हो बाबा. फोन ठेवला."

फोन डाव्या कानाला असणार. माझं "काही नाही" त्यांना नीट ऐकू गेलं.