बाबांना हल्ली सगळंच छान वाटतं

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात जमत नाही, तेव्हा कागदावरच पाया पडते.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळं खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण खुशाल काही नाही. आई जाऊन वर्ष होत आलं, आणि बाबांना सगळंच छान वाटायला लागलंय.

हसू नकोस. आपले बाबा काय चीज होते ते मी तुला सांगायला नको. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे दिवसातून एखादी चूक सापडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. आणि आपल्या घरचा तो नियम आठव! सिनेमा बघून आलो की किल्ली बाबांच्या खिशात आणि आपण सगळे जिन्यात उभे. प्रत्येकाने एका वाक्यात मत दिल्याशिवाय दार उघडायचं नाही. तू नायकाची बाजू घ्यायचास, मी मुसमुसत असायचे (माझं मत तेच), मग बाबा अख्ख्या सिनेमाची हाडं खिळखिळी करायचे, आणि आई म्हणायची, "असू दे हो, एवढा काही वाईट नव्हता. आता उघडा." मग ते तणतणत कुलूप काढायचे.

आता काहीही दाखवा, "छान होतं." मला धडकीच भरली. म्हटलं, यांना काहीतरी भिकार दिलंच पाहिजे. आधी एक सिनेमा लावला. त्यात नायक दोनदा मरतो. (माझं मत: पहिल्यांदा मेला तेव्हाच थांबायला हवं होतं.) बाबा म्हणाले, "छान." मग ऑफिसातल्या मैत्रिणीकडून एक जाडजूड कादंबरी आणली. तिच्यात नायिकेचं नाव मध्येच बदलतं, आणि शुद्धलेखनाच्या इतक्या चुका की मलासुद्धा दिसल्या! मी मुद्दाम टोक केलेली पेन्सिल शेजारी ठेवली. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि पेन्सिलीला हात न लावता म्हणाले, "छान लिहिलंय." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

राहता राहिलं संगीत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य म्हातारपणी व्हायोलिन शिकताहेत. (माझं मत: जुनी सवय हातातून जात नाही, ऐकणाऱ्याची दाढ अजूनही दुखते.) त्यांना मी आपल्या पायांनी वर जाऊन बोलावून आणलं. तासभर त्यांनी त्या वाद्याचा जीव घेतला. बाबा डोळे मिटून बसलेले. संपल्यावर म्हणाले, "छान. येत जा." झालं! आता डॉक्टर रोज संध्याकाळी येतात. आपणच धोंडा पायावर पाडून घ्यायचा म्हणतात तो हा.

पण विनोद पुरे. परवा टीव्हीवरचा सिनेमा संपला, तसं बाबांनी तोंड उघडलं, आईच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मिटलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला रे. वाईट म्हणायचं तर "असू दे हो" म्हणणारं माणूस समोर लागतं. ते नाही, म्हणून आईचं काम बाबाच करताहेत. मला ते बघवत नाही.

बाकी ठीक. वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं कारण आता लिहिते. तुझी कादंबरी घेऊन ये. मला माहीत आहे, ती वाचून बाबा "कागद चांगला वापरलाय" एवढंच म्हणाले आणि तू बॅग भरलीस. आई गेली तेव्हाही आलास तसा दारातूनच परत गेलास. पण त्यांना खरोखर राग आला असेल असं माझ्या आठवणीतलं पुस्तक तेवढं एकच. समोर बसून वाचून दाखव. तिलाही ते छान म्हणाले, तर आपले बाबाही गेले असं मी समजेन. (माझं मत: मला आवडली होती. रडले होते. पण माझं काय, मी कशालाही रडते.)

ता. क. दोन. हे मी कळवलंय असं त्यांना बोलू नकोस.

ता. क. तीन. त्यांना कळलं. मागे येऊन उभे राहिले, "काय खरडतेस, वाच," म्हणाले. खोटं कुठलं सुचायला? सगळं वाचलं. ऐकून म्हणाले, "फार लांबलंय. नुसतं रडगाणं. आणि तो दंतवैद्य बराच बेसूर आहे." दादा, मी आनंदाने उठून उभीच राहिले! तेवढ्यात त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काय गं, तुला कसं वाटलं?"

आणि उत्तराची वाट बघत बसले. निघ, दादा.