तिसऱ्या धड्याच्या पुढे

दादा,

तू सेमिनरी अर्ध्यावर सोडून आलास तेव्हा तुझी पुस्तकं माळ्यावर गेली. ती मी खाली काढली आहेत. चर्चचा पाळक व्हायला आता मी जाणार.

आई म्हणते, “एम.ए. झालेला टिकला नाही, तिथं तू फ्रिज दुरुस्त करणारा काय दिवे लावणार?”

तिचंही खरं आहे. तत्त्वज्ञानाचं पुस्तक डोक्यावरून जातं. मग बिघडलेली मोटर खोलावी तसं एकेक वाक्य सुटं करतो आणि परत जोडतो. दर वेळी एखादा स्क्रू उरतोच. तरी सोडत नाही.

तुझ्या पेन्सिलीच्या खुणा तिसऱ्या धड्यात थांबतात. का, ते विचारत नाही. तिथून पुढे पानांवर माझ्या तेलकट बोटांचे डाग आहेत.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. चौथ्या धड्यात खूण म्हणून ठेवतोय. कधी तिथवर आलास, तर सापडेल.

तुझा धाकटा